बीसीएच्या पहिल्या वर्षाला वेब डेव्हलपमेंट: आधी साधं एचटीएमएल की थेट रिअ‍ॅक्ट?

मानेवाडा_मामा

नमस्कार मंडळी. भाचीने यंदा नागपुरातच बीसीएला प्रवेश घेतला. बीसीए (संगणकाची पदवी) एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत गेल्यापासून सीईटीचीही भानगड असते, ती पार पडली. पोरगी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, बारावी कॉमर्स. पहिल्याच वर्षात तिला वेबचा पेपर आहे. एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (त्याची सजावट), थोडं जावास्क्रिप्ट (पान हलतं-बोलतं करणारी भाषा) आणि शेवटी पीएचपीत (सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत) एक फॉर्म.

कॉलेजात सर टॅगपासून, म्हणजे एचटीएमएलच्या खुणांपासून, शिकवताहेत. घराजवळचा एक क्लासवाला म्हणतो, "एचटीएमएल आठवड्यात उरकून टाकू, मग थेट रिअ‍ॅक्ट, नोकरी त्यानेच लागते." रिअ‍ॅक्ट म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये पानं बांधायचं तयार साधन म्हणे. फी दणदणीत आहे. ताईला वाटतं पोरीचं वर्ष वाया जाऊ नये, म्हणून ती पैसे भरायला निघाली आहे. माझा धंदा कापडाचा, गांधीबागेत. या विषयातला माझा अभ्यास नाही, पण जे शिकायचं ते मुळापासून शिकावं असं माझं ठाम मत आहे. जाणकारांनी सांगावं, पहिल्या वर्षात नेमकं काय पक्कं व्हायला पाहिजे?

तर्री_पोहा

मामा, फी भरली नसेल तर ताईंना दोन दिवस थांबायला सांगा.

मी परसोडीच्या आयटी पार्कात काम करतो. नव्या पोरापोरींच्या मुलाखतींना मला बसवतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ब्राउझरमध्ये पत्ता लिहून एंटर दाबल्यापासून पान दिसेपर्यंत काय काय घडतं? रिअ‍ॅक्टमधली कामांची यादी सगळ्यांच्याच रेझ्युमेत असते. या प्रश्नाला मात्र बरेच जण गप्प होतात.

उत्तर पहिल्या वर्षाच्या मुलीला समजेल इतकं सरळ आहे. आधी डीएनएसकडून, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीतून, त्या नावाचा आयपी पत्ता मिळतो, म्हणजे पान ठेवलेल्या संगणकाचा (सर्व्हरचा) आकडी पत्ता. मग सर्व्हरशी जोडणी होते आणि ब्राउझर एचटीटीपीने, म्हणजे वेबच्या ठरलेल्या बोलीत, पान मागतो. सर्व्हर एक आकडा आणि एचटीएमएल परत पाठवतो. ते वाचत असतानाच ब्राउझरला कळतं की एक सीएसएसची फाइल हवी, दोन चित्रं हवीत, एक स्क्रिप्ट हवी. त्या प्रत्येकासाठी पुन्हा वेगळी मागणी जाते. हे सगळं डोळ्यांनी बघता येतं. एफ-१२ दाबायचं, नेटवर्कचा टॅब उघडायचा आणि पान रिफ्रेश करायचं. ४०४ आला तर सर्व्हर सापडला पण पान नाही. ५०० आला तर गडबड सर्व्हरच्या बाजूला. एवढा फरक ज्याला कळतो त्याचे पुढचे कितीतरी तास वाचतात.

राहिला रिअ‍ॅक्टचा प्रश्न. ते २०१३ मध्ये आलं, चांगलं आहे, आम्ही रोज वापरतो. पण त्याआधी २०१० मध्ये त्याच कामाचं अँग्युलरजेएस आलं होतं आणि तेव्हाही "हेच शिका" असंच सांगत होते. २०२१ संपताना गूगलने त्याचा सपोर्ट बंद केला. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत १९९१ साली लिहिलेल्या पहिल्या संकेतस्थळाची जपलेली प्रत मात्र आजच्या मोबाइलवरही उघडते. भाचीला ती उघडून तिचा सोर्स बघायला सांगा. त्यातले कितीतरी टॅग तिला ओळखीचे वाटतील.

सदर_बाजार

+१. नेटवर्क टॅबसाठी वाखु (वाचनखूण) साठवली.

कामठी_लोकल

तर्रीभाऊ, तुमचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. मी बीसीसीए (कॉमर्स आणि संगणकाची पदवी) केलं. घरी वडिलांचं एकट्याचं उत्पन्न. तिसरं वर्ष संपलं तेव्हा मला "वेब कसं चालतं" विचारणारी कंपनी भेटली नाही. भेटली ती "रिअ‍ॅक्ट येतं का, सोमवारपासून येता का" विचारणारी. सीताबर्डीतल्या एका क्लासमध्ये सहा महिने शिकलो आणि त्यावरच पहिला पगार आला. मुळापासून शिकणं ज्याला परवडतं त्याने शिकावं, पण ज्याच्या घरचं गणित पुढच्या वर्षी जुळवायचं आहे त्याला जाहिरातीत जे मागतात ते यायलाच पाहिजे. इथे सगळे पुणे-बेंगलोरच्या पगारावर बसून सल्ला देतात तेव्हा हे विसरलं जातं.

तर्री_पोहा

कामठीभाऊ, मी नागपुरातच बसून आहे. :)

मुद्दा मान्य. पण तुम्ही शिकलात ते तिसऱ्या वर्षाच्या शेवटी. मामांची भाची पहिल्या वर्षात आहे. तिच्याकडे वेळ आहे आणि तो क्लासवाला तोच वेळ तिच्याकडून काढून घेतो आहे. माझा आक्षेप तेवढाच.

खडू_फळा

मी शिकवतो, कॉलेजचं नाव राहू द्या. दोन्ही बाजू रोज बघतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अभ्यासक्रम मागे पडतो हे खरं आहे. फ्रेमसेट, फॉन्ट, सेंटर, मार्की हे सगळे जुने टॅग एचटीएमएल ५ या आवृत्तीने बाद ठरवले. जुन्या पुस्तकांत मात्र ते अजून आहेत आणि परीक्षेत विचारलेही जातात. टेबल टाकून पानाची मांडणी करायची पद्धतही तशीच टिकून आहे. मांडणीसाठीच असलेलं सीएसएस ग्रिड २०१७ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालतं, फ्लेक्सबॉक्स त्याच्याही आधीपासून. मी पहिल्या तासालाच सांगतो: पेपरात लिहायचं ते पुस्तकातलं, आणि लॅबमध्ये करायचं ते आजचं. मुलांना दोन्ही झेपतं, कुठलं कशासाठी ते स्पष्ट सांगितलं की झालं.

प्रॅक्टिकल फाइलमध्ये कोड हाताने लिहायला लावतात म्हणून खूप ओरड होते. माझं मत वेगळं आहे. वीस पानं उतरवून काढणं निरर्थकच. पण पंधरा ओळींचा कोड कागदावर स्वतः लिहिला की कुठला टॅग कुठे बंद होतो ते डोक्यात बसतं. एडिटर आपणहून टॅग बंद करतो, त्यामुळे मुलं तिकडे बघतच नाहीत. मग व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, "हा डिव्ह (पानावरचा कप्पा) कुठे संपला" असं विचारलं की स्क्रीनवर बोट फिरत राहतं.

मामा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर. पहिल्या वर्षाच्या शेवटी पोरीला कोऱ्या फाइलपासून, कुठलंही फ्रेमवर्क (रिअ‍ॅक्टसारखं तयार साधन) न घेता, एक खरं पान उभं करता आलं पाहिजे. ते मोबाइलवर नीट दिसलं पाहिजे. त्यातला प्रत्येक टॅग तिथे का आहे ते तिला सांगता आलं पाहिजे. आणि पान बिघडलं तर बिघाड एचटीएमएलमध्ये आहे, सीएसएसमध्ये की जावास्क्रिप्टमध्ये, हे तिला शोधता आलं पाहिजे. माझ्या अनुभवात हे जमलेली मुलं तिसऱ्या वर्षात रिअ‍ॅक्ट भराभर उचलतात.

झिरो_माईल

फ्रेमसेट अजून विचारतात? बाप्पा!

उमरेडचा_पोट्टा

मी सध्या दुसऱ्या वर्षाला आहो, म्हणून लिहून राहिलो. मराठी शाळेतूनच आलो. मामा, तुमच्या भाचीला कोडिंगचा त्रास कमी आन् एररच्या इंग्रजीचा जास्त होईन. कन्सोलमध्ये (ब्राउझर चुका दाखवते तिथे) लाल ओळ आली की आमचे अर्धे पोट्टे विंडोच बंद करत. आमच्या मॅडमनं एक गोष्ट शिकवली. एरर पूर्ण वाचायची नाही, आधी त्यातला लाइन नंबर बघायचा, मग फाइलचं नाव, मग दोन शब्द. "अनडिफाइन्ड" दिसलं तर जे नाव आपण वापरलं ते बनलंच नाही किंवा त्यात काही टाकलंच नाही. "नल" दिसलं तर पानावर जो घटक शोधून राहिलो तो सापडला नाही, बहुतेक आयडीचं स्पेलिंग चुकलं नाहीतर स्क्रिप्ट घटकाच्या आधीच चालली. मी अशा शब्दांची मराठी वही केली आहे. आता वही उघडायची गरज फार पडत नाही.

लॅपटॉप नसला तरी घाबरू नका. पहिले काही महिने लॅब आन् मोबाइल यावरच काढले.

मानेवाडा_मामा

वा! वहीची कल्पना आजच भाचीला सांगतो. खडू_फळा सर, "खरं पान" म्हणजे कसलं? तिला विषय सुचत नाही. क्लासवाल्याच्या डेमोत पिझ्झाचं दुकान होतं.

शिरोरेखा

मामा, पिझ्झा सोडा आणि पान मराठीत करायला सांगा. सरांना काय वाटतं ते ते सांगतील, पण मी डीटीपीतून, म्हणजे छपाईच्या जुळणीतून, वेबकडे आले आहे आणि माझं म्हणणं असं आहे, की मराठी पान केल्याने जे शिकायला मिळतं ते पिझ्झाच्या इंग्रजी पानाने कधीच मिळत नाही.

पहिली गोष्ट कॅरसेटची, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायच्या पद्धतीची. भाची नोटपॅडमध्ये "नागपूर" लिहील आणि पानावर भलतंच उमटेल: डोक्यावर तिरकी रेघ असलेली रोमन अक्षरं, चलनाचं चिन्ह, मग पुन्हा तीच अक्षरं. तिला वाटेल फॉन्ट खराब. फॉन्टचा संबंधच नाही. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. "नागपूर"मध्ये न, काना, ग, प, दीर्घ ऊकार आणि र अशी सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट. ब्राउझरने ते एकेक बाइटचं रोमन अक्षर समजून वाचले की अठरा कचरा चिन्हं होतात. हेडमध्ये अगदी वरती मेटा कॅरसेट यूटीएफ-८ लिहिलं आणि फाइलही त्यातच सेव्ह केली की नागपूर जागेवर येतं. मजकूर, बाइट आणि एन्कोडिंग यांचं नातं मला एवढ्या एका शब्दावरून कळलं.

आता त्याच शब्दाची जावास्क्रिप्टमध्ये लांबी काढायला सांगा. उत्तर येतं ६. आपण मोजतो ४: ना, ग, पू, र. फॉर्ममध्ये नावाला वीस अक्षरांची मर्यादा घातली तर मराठी माणसाचं नाव मध्येच का कापलं जातं ते इथे समजतं.

मग सीएसएस. इंग्रजी ट्युटोरियलमध्ये मथळ्याला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमध्ये जास्तीची जागा) देतात, छान दिसतं. मराठी मथळ्याला दिलं की शिरोरेषा तुटून अक्षरं सुटी पडतात. लाइन-हाइट (ओळीची उंची) कमी ठेवली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. एचटीएमएल टॅगवर भाषा "एमआर" लिहायची. एक तर स्क्रीन रीडरला (पान वाचून ऐकवणाऱ्या प्रोग्रामला) उच्चार कुठल्या भाषेत करायचा ते कळतं. दुसरं, काही फॉन्टांमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं त्यानेच उमटतात, नाहीतर हिंदी वळण येतं. फॉन्ट फुकटात चांगले आहेत. "मुक्त" नावाचा घ्या किंवा नोटो सॅन्स देवनागरी.

आणि कोणाकडून कृतिदेव किंवा श्रीलिपीतला जुना मजकूर मिळाला तर तो तसाच चिकटवू नका. त्यात आत रोमन अक्षरांचेच कोड असतात, फक्त त्या फॉन्टने मराठी दिसतात. पानावर कचरा येईल आणि सर्च इंजिनलाही ते मराठी म्हणून सापडणार नाही. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचं.

खडू_फळा

शिरोरेखाताई, हे सगळं पुढच्या सत्रात लॅबमध्ये घेणार. "नागपूर"ची लांबी ६ हा व्हायवाचा प्रश्न झालाच म्हणून समजा.

मामा, विषय तर तुमच्या घरातच आहे. दुकानाचं पान करू द्या. कापडाचे प्रकार, मीटरचा भाव, वेळ, पत्ता. भावाचा तक्ता खऱ्या टेबल टॅगमध्ये. टेबल मांडणीसाठी चूक असलं तरी तक्त्यासाठी अगदी बरोबर आहे, हा फरकही तिला कळेल. कळमन्यात संत्र्याचे भाव लागतात तसा तक्ता हा माझा वर्गातला नेहमीचा सराव आहे.

झिरो_माईल

जावास्क्रिप्टमध्ये आकडा "एमआर-आयएन" लोकॅलने (भारतातली मराठी अशा खुणेने) छापला तर १,००,००० असा लाखाच्या स्वल्पविरामासह आणि देवनागरी अंकांत येतो, वेगळी लायब्ररी लागत नाही. भावाच्या तक्त्यात उपयोगी पडेल.

कामठी_लोकल

शिरोरेखाताईंचा प्रतिसाद आवडला. पण मंडळी, आता एआयला सांगितलं की कॅरसेटसकट सगळं पान अर्ध्या मिनिटात तयार मिळतं. मग पहिल्या वर्षाच्या पोरीने हे हाताने कशाला करायचं? प्रामाणिकपणे विचारतो आहे.

तर्री_पोहा

आमच्या ऑफिसात ते रोज वापरतात, मीही वापरतो. त्याने दिलेलं पान बरोबर आहे की नाही हे ठरवायला कोणीतरी लागतं आणि पगार त्याचाच असतो. मागे एका नव्या मुलाने असाच लॉगिनचा फॉर्म आणला. दिसायला झकास. फॉर्मची मेथड (माहिती पाठवायची रीत) मात्र गेट. म्हणजे पासवर्ड सरळ पत्त्याच्या पट्टीत, तिथून ब्राउझरच्या हिस्टरीत आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये. गेट आणि पोस्टमधला फरक हा पहिल्या वर्षाचाच प्रश्न आहे.

उमरेडचा_पोट्टा

आमच्या सरांनी नियम केला आहे, एआय वापरा पण जी ओळ समजावता नाही आली तिचे मार्क कापणार. तेव्हापासून सगळेच कमी कोड आणून राहिले.

वर्धा_रोड

जरा अवांतर: मे महिन्यात नागपूरच्या लॅबमध्ये सर्व्हरच्या आधी पोट्टे डाऊन होतात. भाचीला सकाळची बॅच घ्यायला सांगा. आणि परीक्षेनंतर तर्री पोहे, हे ओघाने आलंच.

तर्री_पोहा

माझं नाव उगाच नाही ठेवलं.

कानाने_वाचते

सहसा नुसती वाचते, आज लिहिते आहे. मला दिसत नाही. संगणक एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर वापरते. शिरोरेखाताईंनी भाषेच्या टॅगचा उल्लेख केला म्हणून राहवलं नाही.

गेल्या वर्षी एका अभ्यासक्रमाचा ऑनलाइन अर्ज भरत होते. संस्थेचं नाव लिहीत नाही. टॅब दाबत पुढे गेले की प्रत्येक चौकटीत एकच आवाज: "एडिट, ब्लँक". पुन्हा टॅब, पुन्हा "एडिट, ब्लँक". आडनाव कुठलं, आधार कुठलं, पिन कोड कुठला, काहीच कळत नव्हतं. शेजारी "आडनाव" असं लिहिलेलं होतं म्हणे, पण ते नुसतं दिसायला. लेबल टॅगने चौकटीशी जोडलेलं नव्हतं. शेवटचं "सादर करा" बटण तर मला सापडलंच नाही, कारण ते बटण नव्हतं. रंग दिलेला डिव्ह होता आणि त्यावर फक्त क्लिक लावलेलं. टॅबने त्यावर पोचताच येत नाही. अर्ज धाकट्या भावाला भरायला लावला. माझी खासगी माहिती मला स्वतः भरता आली नाही याचा राग अजून गेलेला नाही.

मामा, तुमच्या भाचीला तीन गोष्टी सांगा. चौकटीला लेबल द्यायचं आणि त्याचा फॉर चौकटीच्या आयडीशी जुळवायचा. बटणासाठी बटण टॅगच वापरायचा. चित्राच्या ऑल्टमध्ये "इमेज १" न लिहिता चित्रात काय आहे ते लिहायचं. हे साधं एचटीएमएल आहे, आठवड्यात "उरकून" टाकलेल्या भागातलंच. एकदा माउस बाजूला ठेवून तिने स्वतःचा फॉर्म फक्त टॅब आणि एंटरवर भरून बघावा.

खडू_फळा

ताई, लिहिलंत ते फार बरं केलं. माउसशिवाय फॉर्म भरणे हा प्रयोग मी प्रॅक्टिकलच्या यादीत घालतो आहे. उद्याच.

कामठी_लोकल

मी आजच आमच्या ऑफिसच्या साइटवर एनव्हीडीए लावून बघितलं. चार बटणं डिव्हची निघाली. दुरुस्तीचं काम माझ्या नावावर टाकून घेतलं आहे.

सदर_बाजार

पीएचपीबद्दल कोणीच बोललं नाही. ते शिकण्यात अर्थ आहे का? नोड (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) शिकवायला हवं ना?

तर्री_पोहा

पहिल्या वर्षाला काहीही चालेल. एक्झॅम्प टाकलं की आपाची (सर्व्हरचा प्रोग्राम), पीएचपी आणि डेटाबेस एकत्र मिळतं, लॅबला सोयीचं पडतं. फक्त पुस्तकात "मायएसक्यूएल अंडरस्कोर क्वेरी" दिसलं तर पान उलटा. ती फंक्शनं २०१५ मध्ये पीएचपी ७ आलं तेव्हाच काढून टाकली. डेटाबेसशी बोलायला पीडीओ आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट शिकायचं. नावाच्या चौकटीत एक अवतरणचिन्ह टाकून बघा. क्वेरी (डेटाबेसला केलेली मागणी) मोडली तर एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे चौकटीतून डेटाबेसला हुकूम घुसवायला, दार उघडं आहे. पासवर्ड कधीच जसाच्या तसा ठेवायचा नाही, पासवर्ड-हॅश नावाचं फंक्शन पीएचपीत तयार आहे. एवढं कळलेल्या मुलीला नोडवर जायला त्रास होणार नाही.

मानेवाडा_मामा

धागा वर काढतो आहे, कारण सांगण्यासारखं आहे.

ताईने क्लासची फी भरली नाही. रिअ‍ॅक्टचं दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत बघू असं ठरलं. कामठीभाऊंचा मुद्दा ताईला जास्त पटला होता, म्हणून "तिसऱ्या वर्षाच्या आत शिकणारच" असं भाचीकडून कबूल करून घेतलं आहे. भाचीने दुकानाचं पान मराठीत केलं. गिटहब पेजेसवर फुकटात चढवलंही. लिंक मी गांधीबागेतल्या शेजारच्या दुकानदारांना पाठवली, तर दोघांनी स्वतःचं पान करून मागितलं. चौकशीचा फॉर्म तिने माउसशिवाय भरून बघितला आणि बटण पहिल्यापासून बटणच आहे, हे कानाने_वाचते ताईंना मुद्दाम सांगायला सांगितलं आहे.

एक अडचण. लॅपटॉपवर पान व्यवस्थित दिसतं. मोबाइलवर मात्र अख्खं पान मुंगीएवढं बारीक दिसतं, आणि झूम केलं की भावाचा तक्ता उजवीकडे बाहेर पळतो. सुताचे, रेशमाचे, सगळे मिळून सात रकाने आहेत, कमी करता येणार नाहीत. ती दोन दिवसांपासून यावर बसली आहे.

कानाने_वाचते

तिला माझे आभार सांगा. लिंक मला निरोपातून पाठवा, एनव्हीडीएवर ऐकून कळवते. तक्त्यात वरच्या ओळीतल्या नावांना टीएच टॅग दिला आहे ना? दिला असेल तर प्रत्येक भाव कुठल्या रकान्यातला आहे ते मला ऐकू येतं.

उमरेडचा_पोट्टा

मामा, पान बारीक दिसून राहिलं म्हणजे हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग नाही टाकलेला. त्याच्याशिवाय मोबाइल ते पान मोठ्या स्क्रीनचं समजून आखडून दाखवते. विड्थ बरोबर डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल बरोबर १, एवढं लिहायचं.

तक्त्यासाठी: टेबलला एका डिव्हमध्ये गुंडाळा आन् त्या डिव्हला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो द्या. मग पान जागेवर राहते, फक्त तक्ता बोटानं सरकते. ती ओळ टेबलवर नको, बाहेरच्या डिव्हवरच टाकायला सांगा.